पेपर आणि तारीख एकाच दिवशी

जळगाव, ११ नोव्हेंबर

ती. भूषणभाऊस,
कामिनीचा सा. न. वि. वि.

नाना तुरुंगात भेटून गेले, तेव्हा साक्रीची, घरची खुशाली कळलीच असेल. बांधावरचं भांडण सोडवायला तू गेलास आणि फिर्यादीत पहिलं नाव तुझंच आलं. त्याला आता अख्खा पावसाळा उलटला.

तुझ्या जामिनाची तारीख एकोणीसला लागली, आणि माझा संविधानाचा पेपरही त्याच दिवशी. एकदा राहिलेला विषय. पुन्हा राहिला तर वर्ष गेलं. तरी मी धुळ्याला येणार. मुलासाठी नाना कोर्टात एकटे कसे उभे राहतील? शिवाय अभ्यास होतच नाही. खोलीतली रूपा कलमं म्हणवून घेते. एकविसावं, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं आलं की मी तिथंच अडते. ती बिचारी म्हणते, पुढचं घे.

माया आहेच, दोन ओळी नक्की लिही.
तुझी कामिनी

धुळे, १४ नोव्हेंबर

चि. कामिनीस,
भूषणचे अनेक आशीर्वाद.

इथं पत्र वाचूनच पुढे जातं, म्हणून बेतानं लिहितो. तू येऊ नकोस. बोलायला झुलाल वकील आहेत. तू येऊन नुसती रडशील, आणि रडताना तू फार वाईट दिसतेस.

खरं सांगू? जामीन होईल असं मला वाटत नाही. जेवण जात नाही, कुणाशी बोलवत नाही. म्हणूनच म्हणतो, आपल्या दोघांपैकी एकाचं तरी दार उघडं राहू दे. नानांना यातलं काही सांगू नकोस.

अभ्यासावर राग काढू नकोस, माझ्यावर काढ.
तुझा भाऊ भूषण

जळगाव, २० नोव्हेंबर

ती. भाऊस सा. न.

तुझं ऐकलं नव्हतं. काल सकाळी धुळ्याच्या गाडीत बसलेच होते. नानांचा फोन आला. म्हणाले, "तू पेपर दे. कोर्टमा मी जासू." उतरले. हॉलवर पोचले तेव्हा पेपर वाटून झाले होते.

व्यक्तिस्वातंत्र्यावरचाच प्रश्न होता, उदाहरणासह. मी तुझीच हकिकत लिहिली. ओळख पटेल असं नाव लिहिलं तर पेपर बाद होतो, म्हणून तुला 'एक आरोपी' म्हटलं. तो शब्द लिहून पेन खाली ठेवलं. पर्यवेक्षक बाईंनी पाणी आणून दिलं. मग शेवटपर्यंत लिहीत राहिले. पास होईन का, ठाऊक नाही.

बाहेर येऊन फोन लावला. नाना आनंदात होते. म्हणाले, "बठ्ठं चांगलं व्हयनं. पोऱ्या माले देखीसन हसना." तू त्यांना पाहून हसलास, म्हणजे जामीन झाला असंच मी समजले. मी तिथंच पायरीवर बसले, देवाचे आभार मानले. मग झुलाल वकिलांनी त्यांच्याकडून फोन घेतला, थोडे लांब गेले आणि हळूच सांगितलं, की अर्ज फेटाळला, नानांना अजून कळलेलं नाही. वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले.

नानांना त्यांनीच सांगितलं, पोलिसांची गाडी तुला घेऊन गेल्यावर.

रविवारी मी भेटीला येते. लोभ जसा आहे तसाच राहू दे. पण भाऊ, माझ्यासमोर हसू नकोस.

तुझी कामिनी