मालक कारखान्यात गेलेत

ता. ३ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. ऑफिसातून बोलले तर कुणीतरी ऐकेल, आणि घरून बोलले तर मला रडू फुटेल.

मागच्या महिन्यात तू माझ्याकडे होतीस, तेव्हा मी अंघोळीला गेलेली असताना आमच्या कंपनीच्या अध्यक्षांच्या पत्नीचा फोन तू घेतलास. तू त्यांना नेमकं काय सांगितलंस? कारण काल जेवताना अध्यक्ष सगळ्या संचालकांना म्हणाले, की ही कारखानदाराच्या घरातली मुलगी आहे, माणसं हाताळणं हिच्या रक्तातच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजवर माझ्याशी तोलूनमापून बोलणारे थोरले संचालक उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि बाबा कुठल्या क्लबात जातात ते विचारू लागले. मी नुसती घास चावत राहिले.

कार्यकारी संचालकाच्या खुर्चीसाठी आता दोनच नावं उरली आहेत, आणि दुसरा तर पिढीजात याच वर्तुळातला, त्याचे आजोबाही याच मंडळींबरोबर जेवायचे. आई, इतकी वर्षं राबून जे जमलं नाही, ते एका गैरसमजाने जमत आलंय. तो दूर झाला तर हेही हातचं जाईल. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

माया आहे तशी असू दे.

तुझी
भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अगं, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. त्या बाईंनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी म्हटलं, मी आणि मालक, आणि मालक सध्या कारखान्यात गेलेत. लग्न झाल्यापासून मी यांना मालकच म्हणते. आपल्या जुन्या चाळीत सगळ्याच बायका नवऱ्याला मालक म्हणायच्या, मग तो भट्टीवर लोखंड वितळवत असो नाहीतर हमाली करत असो. त्या बाईंना हे ठाऊक नसेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

यांना सांगू नकोस म्हणालीस, पण मला कुठलं राहवतंय! ऐकून हसता हसता ठसका लागला त्यांना. म्हणाले, रिटायर व्हायच्या आधी एकदाची बढती मिळाली, आता उद्या खऱ्या मालकालाच भट्टीवर उभा करतो. मला काही हसू आलं नाही.

कारण त्या बाईंनी तेव्हा माझा नंबर घेतला होता आणि काल त्यांचा पुन्हा फोन आला. ते दोघं रविवारी इकडे येणार आहेत आणि वाटेत आपल्याकडे चहाला थांबणार आहेत. माणूस त्याच्या घरात कळतो, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे म्हणे. घराची मला चिंता नाही, तू बांधून दिलेला बंगला कुणालाही शोभेल असा आहे. मला भीती आहे ती माझ्या जिभेची. आणि यांचे भट्टीने भाजलेले हात लपवायचे कुठे? काय करू ते ताबडतोब लिही.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
आई

ता. ११ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

कागद लिहिते आणि फाडते, असं चाललंय. आता एका दमात लिहून टाकते. रविवारी बाबांना आत्याकडे पाठव. ते परगावी गेलेत असं सांग, आणि तू होता होईल तेवढं कमी बोल.

मी काय मागते आहे ते मला कळतं. एकदा नेमणूक होऊ दे, मग मीच बाबांना हाताला धरून त्या सगळ्यांसमोर नेईन. फक्त हा एक रविवार. मी भित्री आहे, हवं तर दोन शिव्या घाल, पण एवढं कर. आणि ही तुझीच कल्पना आहे असं बाबांना सांग.

रागावलीस तरी माया तोडू नकोस.

तुझी
भिंगरी

ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. फार मोठी झालीस. रविवारचं सगळं तुला सांगायचं होतं, पण आजवर धीर झाला नाही.

आत्याकडे जायला सांगितलं तेव्हा कल्पना कुणाची, हे यांनी विचारलंच नाही. उठून पिशवी भरली. निघण्याआधी बागेतला नळ बंद करायला गेले, जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. तेवढ्यात फाटकाशी गाडी येऊन थांबली, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. अध्यक्षांनी फळांची करंडी यांच्या हातात दिली आणि आत नेऊन ठेवायला सांगितली. हे ती घेऊन बैठकीत आले. हे कोण, असं बाईंनी सहज विचारलं. मी बोलून गेले, की आमच्याकडे कामाला असतात.

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांना पाणी दिलं, चहाचे कप उचलले, निघताना फाटक उघडून धरलं. माणूस चांगला मिळालाय, टिकवून ठेवा, असं अध्यक्ष मला म्हणाले.

नंतर मी पुष्कळ रडले. यांनी मलाच समजावलं, की पोरीचं काम झालं ना, मग झालं तर. वेळेवर जेवतात, वेळेवर कामाला जातात. पण चेष्टा करत नाहीत गं आता. परवा शेजारीण आली, तर हे हातातला चहा तसाच टाकून मागच्या दाराने बाहेर गेले. मला फार भीती वाटते.

पुढच्या महिन्यात ऑफिसातली काही माणसं घेऊन तू घरी येणार, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारायला सांगितलंय, की त्या दिवशी त्यांनी घरी थांबायचं की आत्याकडे जायचं. उत्तर मला नको, त्यांनाच लिही.

माया असू दे. दोघांवर.

तुझी
आई