पहिला घास कोणाचा

प्रिय आजोबा,

नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, म्हणजे तुम्हाला भिंग शोधत बसायला नको. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाय, आणि काकी मधे राहून सांगतात तेव्हा अर्धं गाळतात, म्हणून पत्र. आठवीनंतर एवढं कधी लिहिलं नाय, चुकलं तर हसू नका. आम्ही इथे पेणकरपाड्यात बरे आहोत. तुमच्या नातवाची, परेशची रिक्षा चालू आहे. आरोही बालवाडीत जाते आणि दिवसभर बडबडते, परेश बोलतो ही माझी नाय, आजोबांची. काकींचा परवा फोन आलेला. त्यांनी जे सांगितलं त्यावर शेवटी बोलते. आधी माझं ऐका.

बालवाड्यांना खिचडी जाते ना, ती बनवायच्या किचनमध्ये मी कामाला होते. होते असंच लिहिलंय, चुकून नाय. तांदूळ निवडायचे, टोप घासायचे, टेम्पोत डबे चढवायचे. मागच्या महिन्यात तांदळाची नवीन पोती आली तर आत नुसती जाळी आणि अळ्या. डाळीला कुबट वास. मी शेठला दाखवलं तर तो बोलला, "धो के डाल दो, बच्चों को क्या समझता है." मी तांदूळ धुवायला बसले. तुम्हाला ठाऊक आहे मी किती घाबरट आहे. वरच्या मजल्यावर कुणी भांडलं तरी मी कडी लावते. भाडं, सिलेंडर, सगळं डोळ्यांसमोर आलं. खरं सांगते, मी काय केलं, आरोहीला घरचा डबा द्यायला लागले. बोलले आपली पोर वाचली, बास.

संध्याकाळी आणायला गेले तर आरोही सांगते, मम्मी, दिव्या माझ्या डब्याकडे बघत होती, तिला ती पिवळी खिचडी दिली आणि मला चपाती. असं का? तिथेच मला तुम्ही आठवलात. नेव्हीत गोऱ्या साहेबांना वेगळं जेवण आणि आम्हाला खडे घातलेली डाळ, असं तुम्ही सांगायचात ना, तसंच झालं. माझीच पोर साहेब होऊन बसलेली.

लग्न होऊन गुहागरला आले तेव्हा मला तुमचा राग यायचा, आज सांगते. घरात तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचं नाय. मनात बोलायचे, बघा म्हातारा, आधी आपलं बघतो. मग माझी आमटी खारट झाली त्या दिवशी कळलं. तुम्ही घास घेतलात, तोंडही वाकडं केलं नाय, आणि हळूच बोललात, "पोरी, तांब्याभर पाणी घाल, मग वाढ." पाहुण्यांत माझी लाज राखलीत. नंतर ओटीवर सांगितलंत, की नेव्हीत हुकूम देणारे आमचं जेवण कधी चाखत नव्हते, म्हणून या घरात जो मोठा तो आधी खाणार, वाईट असेल तर वाईट आधी त्याच्या तोंडात.

तर आजोबा, मी काय केलं ऐका. सकाळी खिचडी झाली. टेम्पो उभा होता. शैला आणि जिजाबाई माझ्याबरोबर आल्या, शैला म्हणजे पालीची कोळीण, ती कुणाच्या बापाला भीत नाय. मी ताट भरलं आणि शेठच्या केबिनमध्ये त्याच्या टेबलावर ठेवलं. बोलले, "शेठ, पहिला घास तुम्ही घ्या, मग आम्ही डबे चढवतो." तो हॉटेलचा डोसा खात होता. आधी हसला. मग ओरडला. शैला बोलली, "शेठ, ओरडू नको, खा. पोरांना चालतं तर तुला का न्हाय?" त्याने ताट पुढे ओढलं, वास घेतला आणि परत ढकललं. बास. एकही डबा टेम्पोत चढला नाय.

पण मग डोक्यात आलं, माझ्यामुळे पोरं उपाशी राहणार. तेव्हापण मला तुमचंच आठवलं, शेहेचाळीस साली तुम्ही नेव्हीवाल्यांनी संप केलात तेव्हा अपोलो बंदरावर माणसं टोपल्या भरून जेवण घेऊन आली, एका बाईने फडक्यात भाकरी बांधून दिली आणि तिचं नाव विचारायचं राहिलं. मी पळत चाळीत आले. पिंकीच्या मम्मीला बोलले, भाभी, बच्चे भूखे हैं. तिने विचारलंसुद्धा नाय कुणाचे. कणकेचा डबाच उचलला. समोरच्या गुजराती बेनने थेपले दिले, कुणी बटाट्याची भाजी. आमच्या बालवाडीची पोरं पोटभर जेवली. दिव्याने तर दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चांगला तांदूळ आला. मला मात्र शेठने उद्यापासून नको सांगितलं. रडले मी, खोटं कशाला बोलू. परेश रागावेल वाटलं, तो बोलला, आजोबांची नातसून शोभतेस. आता घरातूनच पोळ्या लाटून देते, चाललंय. पण शैला सांगते, अजून रोज सकाळी ताट त्याच्या टेबलावर जातं. आणि खातो तो.

तुम्ही एकदा बोललेलात, देश स्वतंत्र झाला पण आम्हा संपवाल्यांना नेव्हीत परत कुणी घेतलं नाय, सगळं फुकट गेलं गो. मी तेव्हा ताटं उचलून आत गेले. आता बोलते. तुमच्यावर गोळ्या झाडल्या. माझ्यावर फक्त एक शेठ ओरडला, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून घरी येऊन झोपले. मधे एवढं अंतर कुणी कापलं? गोरे गेले, दोन वेगळी ताटं मागे राहिली, ती एका टेबलावर तरी एक झाली. आजोबा, तुमचे उपकार आहेत माझ्यावर, माझ्या पोरीवर, त्या दिव्यावर, जिला तुमचं नावपण माहीत नाय.

आता काकींचं. त्या बोलल्या, तुम्ही न जेवता ताट सरकवता. बसून खाणाऱ्याला कशाला वाढता, असं बोलता. आजोबा, मी खूप घाबरलेय, शेठला घाबरले नव्हते एवढी. मला आता सुट्टी मागायला लागत नाय, म्हणून शनिवारी आरोहीला घेऊन येतेय. येताना निवडलेला तांदूळ आणते, मऊ खिचडी करते. आरोहीला मी तुमचा नियम शिकवलाय. पणजोबांनी पहिला घास घेतल्याशिवाय ती ताटाला हात लावणार नाय, आणि हट्टाला ती तुमच्यावरच गेलीय. आठ तासांच्या एसटीने भुकेली येईल. तुमच्यासमोर ताट घेऊन बसेल. मग तुम्ही ठरवा.

तुमचीच नातसून,
रुचिता