मोती कुणी विकला?

४ जून

ती. दादास,
छोटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खुशाली कळली आणि घोर लागला. तुझ्या ओळी हल्ली एकमेकींच्या अंगावर चढतात आणि अक्षर लिंबाएवढं झालंय. तू पेनवर खापर फोडतोस. पेन बिघडलं तर शाई सांडेल रे, ओळी कशाला भांडतील? डोळे बिघडलेत, हे कबूल कर.

बॉयलरच्या कारखान्यात हातोड्यांच्या दणदणाटात तुझे कान गेले, तेव्हापासून आपलं बोलणं कागदावरच चाललंय. मोबाईलवरची मुंगीएवढी अक्षरं तुला दिसत नाहीत. उद्या माझं अक्षरही दिसेनासं झालं, तर मी तुझ्याशी बोलायचं कसं? सरकारी दवाखान्यात जाऊन ये. मोठा आहेस म्हणून विनवतेय, धाकटा असतास तर कान धरून नेला असता.

इकडे बेकरी जोरात आहे. यांनी परवा भट्टीभर बिस्किटं करपवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, हा नवा प्रकार आहे. विकली गेली!

घरच्यांचे नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी छोटी

---

११ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

करपलेली बिस्किटं खपवणारा जावई आपल्याला लाभला, त्याला जप.

दवाखान्याचं म्हणशील, तर मागे एकदा गेलो होतो. बाकावर बसून राहिलो. माझं नाव केव्हा पुकारलं, देव जाणे. झाडूवाल्या बाईनं खांदा हलवला तेव्हा पाहिलं, सगळा हॉल रिकामा. पुढच्या खेपेला शेजारच्या शिंप्याला सोबत नेलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता त्याच्याशीच बोलले, चांगलं भरभरून बोलले. हा मान डोलवतोय, मी दोघांची तोंडं बघतोय. बाहेर आल्यावर विचारलं, तर शिंपी बोटानं तळहातावर गोल काढून दाखवतो, गोळी घ्या. एवढ्या भाषणाचं एवढंसं कापड! माणूस लाखमोलाचा, पण माझं दुखणं त्याच्या मापानं का बेतायचं?

तेव्हा राहू दे. जेवढं दिसतं तेवढं पुरे. पोपटरावांना गोड पापा.

तुझा दादा

---

१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ज्या भाचीला तू पोपट म्हणतोस, ती आता पापा घेण्याच्या वयाची राहिली नाही, कॉलेजात जाते. पण तिनेच तुझं पत्र वाचून शोध लावला. तुमच्याच दवाखान्यात नवी सोय झालीये म्हणे. डॉक्टर बोलतात ते समोरच्या पडद्यावर लगेच उमटतं, आपल्याच भाषेत, हवं तेवढं मोठं. नंबर आला की हातातलं यंत्र थरथरतं. तिनं दवाखान्याला विचारून खात्री करून घेतली आणि तुझं नावही नोंदवलं. वार आणि वेळ चिठ्ठीवर ठळक लिहून सोबत पाठवतेय.

आता शिंप्याची सबब चालायची नाही. गेला नाहीस तर मी करपलेल्या बिस्किटांचा डबा घेऊन तिकडे येईन आणि सगळी तुला खायला लावीन.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
छोटी

---

२ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

गेलो. एकटा गेलो. बिस्किटांना भिऊन गेलो असं समज.

दारातच एका मुलीनं काडेपेटीएवढं यंत्र हातात दिलं. मी ते मुठीत घट्ट धरून बसलो, जणू पाखरूच धरलंय. मध्येच ते थरथरलं आणि मी असा उठलो की शेजारचा दचकला. आत एका चौकटीवर हनुवटी टेकवायला लावली, लख्ख उजेड पडला आणि डोळ्याचा आतून फोटो निघाला. तो तिथूनच शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेला. मी चहा पिऊन येईतो त्यांचं उत्तर हजर.

मग डॉक्टरीणबाई. वयानं तुझ्या पोपटाहून थोडी मोठी. ती माझ्याकडे बघून बोलली आणि पडद्यावर अक्षरं आली, दाराच्या पाटीवर असतात तेवढी. मी वाचलं, तुमचा मोती विकलाय. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे मोती कधी नव्हताच, तो विकला कुणी? ती चक्रावली, तिनं पडदा वळवून पाहिला आणि हसत सुटली. तिनं म्हटलं होतं, मोतीबिंदू पिकलाय. यंत्रालाही कधीकधी कमी ऐकू येतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग आमचं जमेल.

दोन्ही डोळ्यांत आहे, आधी एकाचं करू, आणखी लांबवलंत तर त्रास वाढेल, असं तिनं सांगितलं. मी माझ्या तोंडानं विचारलं आणि मला माझं उत्तर मिळालं. किती वर्षांनी, छोटे.

पण एक भीती आहे, ती तुलाच सांगतो. कान नाहीत, आणि त्या टेबलावर डोळेही झाकणार. मग मी कुठे असेन? बंद पडलेल्या बॉयलरच्या पोटात उतरायचो, तेव्हाही भोकातून उजेड दिसायचा. बाईंनाही हे बोललो. त्या म्हणाल्या, विचार करून ठेवते.

तुझा दादा

---

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पिठाचे हात तसेच ठेवून बसून राहिले. पोपट म्हणते, आई, मामा नव्हे, तूच घाबरलीयेस. खरं आहे. मी निघून येते. भट्टी हे बघतील, करपली तर करपली. नको म्हणू नकोस. तारीख तेवढी कळव.

तुझ्याजवळ जीव ठेवलेली,
छोटी

---

२४ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी अक्षर बघ. मग रागव.

तुझं पत्र हाती आलं त्याच्या आदल्या दिवशीच ऑपरेशन झालं. दुसऱ्या एका रुग्णाची तारीख रिकामी झाली, ती मला दिली. कळवायला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर तू भट्टी सोडून धावत यावंस असं वाटलंही नाही.

बाईंनी विचार करून ठेवला होता. ते थरथरणारं यंत्र माझ्या मनगटाला बांधलं. एकदा थरथरलं की नजर स्थिर ठेवायची, दोनदा म्हणजे ढिलं सोडा, लांब थरथरलं की झालं. झोपण्याआधी आम्ही त्याची तालीम केली. अंधार झाला आणि मनगटाशी कुणीतरी बोलायला लागलं. शिवाय नर्सबाईंनी दुसरा हात धरून ठेवला होता, त्याला यंत्र लागत नाही.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल? भिंतीवरचा पाण्याचा ओघळ. इतका सुरेख ओघळ मी जन्मात पाहिला नव्हता.

नंतर आम्हा सगळ्या एकडोळ्यांना हॉलमध्ये बसवलं. नर्सबाई थेंब कसे घालायचे ते सांगत होत्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं उमटत होतं. एका म्हातारीनं विचारलं, हे थेंब आमच्या म्हाताऱ्याच्याही डोळ्यांत घालू का, त्यांना घरातली कामं दिसत नाहीत. हॉल खदखदला आणि मीही हसलो.

तुला हे सांगितलं नव्हतं कधी. मी नेहमी मागून हसतो. चार चेहरे हसलेले दिसले की आपलंही तोंड पसरायचं, कशावर ते माहीत नसताना. त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसलो, तेव्हाच्या तेव्हा. तो म्हातारा माझ्याच शेजारी होता, सगळ्यात जास्त तोच हसत होता. त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली, मी त्याच्या मारली.

या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून नुसता हसत बसलो.

माया आहेच, तिला खळ पडू देऊ नकोस.

तुझा दादा