मागच्या हिरवळीची वारसदार

मी, खाली सही करणारी, निवृत्त भूलतज्ज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्ध म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. जन्मभर लोकांची घालवली आणि परत आणून दिली. माझी आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात केली होती.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान हिश्शाने. यजमानांनी हयात असेपर्यंत तिथेच राहावे, बँकेतील ठेवीही त्यांच्याच. मात्र त्यातून नवीन फवारा घेऊ नये. भर दुपारी फवारा सोडून आकाशाला आंघोळ घालण्याचा त्यांचा छंद मी संसार म्हणून सोसला.

२. माझा स्टेथोस्कोप मुलीला. तिचे कोणी ऐकत नाही म्हणते. निदान तिला तरी ऐकू येईल.

३. घरामागील हिरवळीची देखभाल, पाण्याची नळी व पाणी मोजायचे रिकामे डबे सूनबाईकडे. चिरंजीव तोंड वाकडे करतील, म्हणून कारण देते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले. मी इस्पितळात असताना चिरंजीवांनी प्लास्टिकचे गवत मागवले. आईला आता वाकवत नाही, असा कळवळा. टेम्पो दारात आला, तेव्हा जिच्या-माझ्यात लग्नापासून विस्तव जात नव्हता ती सूनबाई गाऊनवरच फाटकात आडवी उभी राहिली. शेजारच्या दंतवैद्यांनी भिंतीवरून सगळे ऐकले.

"परत न्या हे."

"मॅडम, साहेबांची ऑर्डर आहे."

"मग साहेबांच्या ऑफिसात अंथरा. आमच्या सासूबाई परत यायच्यात अजून."

घरी आले ती वॉकर ढकलत थेट मागे गेले. गवत हिरवेगार. तरी विश्वास ठेवला नाही. स्क्रू-ड्रायव्हर मागवून सूनबाईला मातीत खुपसायला लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. पाणी खोल मुरले होते.

"कधी घालतेस?"

"पहाटे, ऊन यायच्या आत. आठवड्यातून दोनदाच, पण गवतात ठेवलेल्या डब्यात बोटाच्या पेराएवढं साचेपर्यंत. रोज शिंपडलं की मुळं वरच लोळतात, खाली जात नाहीत. तुम्ही बाबांना हेच ओरडून सांगता ना? वर ऐकू येतं सगळं."

मी "बरं" म्हणून आत गेले. त्या "बरं"चा अर्थ "शाब्बास, पोरी" असा होता, हे येथे कायदेशीररीत्या नमूद करते.

४. चिरंजीवांना प्लास्टिकचे गवत हवेच असेल तर त्यांनी ते गाडीत अंथरावे.

५. माझ्यामागे ज्यांना रडू येईल त्यांनी बाजूच्या फरशीवर उभे राहून रडावे. खारे पाणी गवताला सोसत नाही. सूनबाई, तूसुद्धा.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, आणि मला पटले.

सही: (भूलतज्ज्ञ, निवृत्त)
साक्षीदार १: शेजारचे दंतवैद्य. हेही दुपारीच पाणी घालतात, तरी सही ग्राह्य धरावी.
साक्षीदार २: माझी व्यायाम-शिक्षिका, जिने मला पुन्हा चालते केले.
स्थळ: राहते घर, मागचा व्हरांडा
दिनांक: ९ एप्रिल