आठवे मत

मी, सिकेला फालाइले, नुकुलोटो बेटाचा माजी खासदार, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे दवाखान्यातील डॉक्टरने सांगितले. तो माझ्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, लुसामाच्या, घरचा जावई, म्हणून मी नर्सकडूनही खात्री करून घेतली. हात थरथरतो, त्यामुळे माझी मुलगी सेलोतीना लिहून घेत आहे. प्रत्येक ओळ मी भिंगातून स्वतः वाचतो. मुलगी गुणी आहे, पण घर तिलाच मिळणार आहे, तेव्हा वाचलेले बरे.

घर आणि पावसाच्या पाण्याची टाकी सेलोतीनाला. शेजाऱ्यांना पाणी द्यावे, पण झाकणाला कुलूप असावे.

होडी आणि जाळी चर्चच्या तरुण मंडळाला. माडी काढायची कोयती पुतण्या इओसुआला. ती त्याने आधीच नेली आहे आणि मला पत्ता नाही अशा समजुतीत तो आहे.

पुलाकाचे कंद लावायचा खड्डा माझी दिवंगत पत्नी लितिया हिच्या माहेरचा. रीतीप्रमाणे तो तिच्या भावाकडे, पेनिएलीकडे, परत जायला हवा. तो जाणार नाही. तसेच माझ्या अंत्यविधीला सभाघरात पेनिएलीने एक शब्दही बोलू नये. त्याने माझे हाताशी आलेले पंतप्रधानपद घालवले.

नंतर कोणी मला आकसखोर म्हणू नये म्हणून कारण नोंदवतो. आमच्या संसदेत पक्ष नाहीत. पंधरा माणसे आणि पंधरा डोकी. निवडणूक झाली की पंतप्रधान व्हायला निघालेला प्रत्येकजण आपली माणसे गोळा करून एका घरात ठेवतो, संसदेतले मतदान होईपर्यंत. कोण कुठे सरकेल याचा भरवसा नसतो. आम्ही आठ खासदार, पेनिएलीही त्यातच, राजधानीत एकाच छपराखाली राहिलो. आंघोळीला जायचे तरी जोडीने जायचे. यजमानाचा टेलिफोन मी कपाटात घालून किल्ली गळ्यात बांधली होती. लुसामाच्या गोटात सात. त्याने आम्हाला भाजलेले डुक्कर पाठवले, मी ते परत पाठवले. पेनिएलीने तेवढ्यात एक तुकडा तोंडात टाकला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मतदान गुप्त झाले. मला सात मते पडली, लुसामाला आठ.

बेटावर परतल्यावर मी सभाघरात सगळ्यांसमोर पेनिएलीचे नाव घेतले. तो मान खाली घालून बसला. निर्दोष माणूस असा बसतो का? वडीलधाऱ्यांनी त्याला पुन्हा निवडणुकीला उभे केले नाही. वीसेक वर्षे झाली, लोक अजून त्याला "आठवा" म्हणतात.

इथे सेलोतीनाने पेन खाली ठेवले. पुढचे बोलणे जसेच्या तसे लिहायला मीच सांगितले.

"बाबा, तुम्ही कुणाला मत दिलंत?"

"लुसामाला."

"काय?"

"ओरडतेस काय? जेवणावळीत स्वतःचं पान आधी वाढून घेतो का आपण? मग चिठ्ठीवर स्वतःचं नाव कसं लिहायचं? मी त्याचं लिहिलं, त्याने माझं लिहिलं असणार. फिटंफाट."

"आणि त्याने स्वतःचंच लिहिलं असेल तर?"

"लुसामा? चर्चच्या डीकनचा मुलगा तो! मी त्याचं डुक्कर परत केलं, पण त्याच्या संस्कारांवर कधी बोट ठेवलं नाही."

मुलगी उठून बाहेर गेली. पेनिएली दर शनिवारप्रमाणे मासे घेऊन कुंपणाशी उभा होता. मासे मी घेतो, त्याला घरात घेत नाही. आज ती त्याला हाताला धरून आत घेऊन आली.

"मामा, सांग यांना. आठवं मत कुणाचं?"

पेनिएली चटईच्या कडेला बसला. "जाऊ दे पोरी. आता काय त्याचं?"

"बोल," मी म्हणालो. "माझ्याच घरात बसून खोटं बोललास तर बघ."

"दाजी, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी लुसामा मला धक्क्यावर भेटला. म्हणाला, माझं मत मी मलाच दिलं, आमचे सातच होते, मग हे आठवं आलं कुठून? मला तेव्हाच कळलं. लग्नातसुद्धा तुम्ही पहिला घास दुसऱ्याच्या पानात टाकला होता."

"मग सभाघरात बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बेटाचा एवढा मोठा माणूस स्वतःच्याच मताने पडला म्हणून? सगळी बेटं हसली असती तुम्हाला. मला शिव्या दिल्या, तेवढ्यावर भागलं. आणि लितियाताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मला रडू आले. हे लिहू नकोस म्हणालो, तरी तिने लिहिले. लुसामा आता हयात नाही, त्यामुळे पडताळून पाहता येत नाही. मी पेनिएलीच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिले. तो खोटे बोलत नाही. डुकराचा तुकडा मात्र त्याने खाल्ला होता, हे त्याने कबूल केले.

सबब, वरील खड्ड्याबाबतचे आणि अंत्यविधीबाबतचे कलम मी रद्द करतो. खड्डा पेनिएलीचा. मी मेल्यावर सभाघरात सगळ्यांचे बोलून झाले की शेवटी त्याने उभे राहावे आणि आठवे मत कुणाचे होते ते बेटाला सांगावे. लोक हसतील, त्यांना कोणी गप्प करू नये. मी जिवंत असेपर्यंत मात्र त्याने ब्र काढू नये. त्याला सवय आहे.

सही: सिकेला फालाइले

साक्षीदार:
१. तोमासी, पाळक (मजकूर न वाचता सही करतो म्हणाले, मी वाचायला लावला)
२. वाइमोआना, नर्स

ठिकाण: नुकुलोटो
दिनांक: १४ मे २०१६