शांताक्कास, गाडीतल्या वासाचा खुलासा

अणदूर,
बुधवार, दुपार

तीर्थरूप शांताक्का यांना धाकट्या गुंडप्पाचे शरणू.

गुडघे कसे आहेत? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं महांतेशकडून कळलं. (माझाच पोरगा पुण्यातून मला माझ्या बहिणीची खबर देतो. चूक कुणाची ते पुढं लिहितोच.) परंड्याला पाणी किती दिवसांआड येतं? इथं मी एकटाच, त्यामुळं एक टाकी आठ दिवस पुरते. फोनच करणार होतो, पण सात महिने तुम्ही तो उचलत नाही. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तर अक्का, गाडीतला वास तुमच्या पिशवीतल्या कारळाच्या चटणीचा नव्हता. हे मी लेखी कबूल करतो. तुमची भावजय शिवलीला जाऊन वर्ष झालं, त्या कार्यक्रमानंतर तुम्हाला परंड्याला सोडायला निघालो, तुम्ही नाकाला पदर लावला, आणि मी म्हणालो की वास गाडीला नाही, तुमच्या पिशवीला आहे. तुम्ही तुळजापूरच्या स्टँडवर उतरलात आणि एसटीत बसलात, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तुमची पिशवी परंड्याला गेली आणि वास माझ्यासोबत अणदूरला परत आला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

नंतर मी सगळे इलाज केले. उदबत्ती लावली, डांबरगोळ्या टाकल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून सीटखाली कांदा कापून ठेवला. (आठ दिवस दोन वास वेगवेगळे यायचे, मग ते एक झाले.) शेवटी महांतेश म्हणाला, "अप्पा, एसीचा फिल्टर बदला. मी पाठवतो. दहा मिनिटांचं काम आहे." पाकीट आलं, आणि रविवारी सकाळी मी लिंबाखाली गाडीचं दार उघडून बसलो.

डाव्या सीटसमोर कागदपत्रं ठेवायचा खण असतो ना, तो दोन्ही बाजूंनी आत दाबायचा, की खाली येतो, असं महांतेशनं पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगत होता. मी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी केली. लाथा झाडणारे बैल धरले, पण एवढी अडेल वस्तू कधी हातात आली नाही. अर्धा तास मी डोकं खाली आणि पाय बाहेर अशा अवस्थेत होतो. शेजारचा बलभीम, ट्रॅक्टरवाला, ते पाय बघून धावत आला. त्याला वाटलं मला चक्कर आली. (त्याला तसं वाटलं, हे मला बरं वाटलं.) मी जिवंत आहे कळल्यावर तो म्हणाला, "बैलाच्या तोंडात हात घालत होता न्हवं? मग ह्याला काय भ्यायचं, सरा बाजूला." आणि त्यानं गुडघा लावून असा हिसका दिला की खण आमच्या अंगावर आला, आणि खणातली खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी फुटली. आम्ही दोघं डोक्यापासून पिवळे. देवळाकडून येणाऱ्या एका म्हातारीनं बलभीमला हात जोडले. त्यानं आशीर्वादही दिला.

खणामागं एक लांबट झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर. तो पांढऱ्या कागदाच्या घड्यांचा असतो, हे मला नवा बघून कळलं. जुन्यात लिंबाचा पाला होता, भुईमुगाची टरफलं होती, आणि गाडीच्या माहितीपुस्तकाचे तुकडे अंथरून त्यावर एक उंदीर वाळून पडला होता. (फिल्टर दरवर्षी बदला, असं लिहिलेलं पानच त्यानं नेमकं कुरतडलं असावं.) अक्का, खरं सांगतो, तो उंदीर बघून मला एवढी लाज वाटली की मी बलभीमसमोर तुमचं नाव घेऊन कान धरले. बलभीमला वाटलं, मी उंदराची माफी मागतोय.

नवा फिल्टर आम्ही तीनदा बसवला आणि तीनदा काढला. समोरच राहणाऱ्या, अंगणवाडीच्या वर्षाराणी बाई दारात तांदूळ निवडत बघत होत्या. शेवटी त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "काका, त्यावर बाण हाय, त्यो खाली पायजे. आन् जेवलात का तुम्ही?" बाण लगेच खाली केला. जेवणाच्या उत्तराला वेळ लागला, कारण हे मला फोनवर विचारतात, समोर उभं राहून बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. जेवलो म्हणालो. त्यांनी घरी जाऊन पिठलं-भाकरी आणून दिली.

आज चौथा दिवस, खण अजून उघडाच आहे. सोमवारी बलभीम स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, मंगळवारी त्याचे सासरे आले. नळदुर्गचा एक रिटायर ड्रायव्हर मुद्दाम बघायला आला. दोन तास बसून म्हणाला, हे माझ्या आवाक्यातलं नाही. चहा होतो, गप्पा होतात. साखरेचा डबा संपला.

डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. लिहिताना अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला.

तुमचा धाकटा,
गुंडप्पा

ता. क. : खण रविवारीच नीट बसला होता. सोमवारी पहाटे मीच परत काढून ठेवला. महांतेशला सांगू नका.

आणखी एक : त्या दिवशी वासाचा राग नव्हता. तुम्ही अजून दोन दिवस राहाल असं धरून मी दूध जास्तीचं सांगितलं होतं, आणि तुम्ही सकाळीच पिशवी भरलीत. राहा म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

शेवटचं : शनिवारी परंड्याला येतो. तुम्हाला न्यायला नाही, मीच आठ दिवस राहायला येतोय. दार उघडलं नाहीत तर बाहेर गाडीतच बसून राहीन. आता तिच्यात बसवतं.