स्टेशनचा चार्ज माझ्याकडे

३ फेब्रुवारी
आज स्टेशनचा चार्ज घेतला. खरं तर इथे इलेक्ट्रिक गाड्या चार्ज घ्यायला येणार आणि मी देणार. पण साहेब फोनवर हेच म्हणाले, आजपासून चार्ज तुमच्याकडे. लगेच घरी फोन लावला. आईला सांगितलं, इन्चार्ज झालो. आई म्हणाली, म्हणजे काय करायचं असतं? म्हटलं, सगळं. मागून भाऊजींचा आवाज आला, सगळं म्हणजे झाडूसुद्धा का?

भाऊजींचं, म्हणजे ताईच्या मालकांचं, गाद्यांचं दुकान आहे. अट ठरलेली आहे. ऑगस्टपर्यंत इथे पर्मनंट झालो तर ठीक, नाहीतर परत जाऊन त्यांच्याकडे गाद्या भरायच्या. मला कापसाने शिंका येतात. तेव्हा पर्मनंट होणं हा तब्येतीचाही प्रश्न आहे.

डायरी कंपनीने दिली. गेल्या वर्षीची आहे. तारखा बरोबर, वार चुकीचे. मोठ्या पदावर अशा गोष्टी चालवून घ्याव्या लागतात.

४ फेब्रुवारी, सकाळी
उद्या मोठा झाल्यावर आठवावं म्हणून वर्णन लिहून ठेवतो. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड. खाली हिरवा रंग मारलेली दोन गाड्यांची जागा. कपाटाएवढं मशीन, त्याला जाड वायर, वायरच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. काल इंजिनिअर सगळं चालवून दाखवून गेला. एक खुर्ची. खुर्ची माझी. ती डुगडुगत होती, पायाखाली मशीनचं माहितीपुस्तक घातलं. आता एकदम पक्की.

शेजारी टायरवाला. पंक्चर काढतो, हवा भरतो, म्हणून सगळे त्याला हवावाला म्हणतात. माझी खोली त्याच्याच दुकानावर.

मशीनच्या बाजूला, बरोबर हाताला येईल अशा उंचीवर, एक लाल गोल खुंटी आहे. डब्याची पिशवी अडकवायला. बंदाचा एक वेढा देऊन जोरात दाबली की पिशवी हलत नाही. कंपनीने माणसाचा किती विचार केलाय. खुंटीवर इंग्रजीत काहीतरी छापलंय. बहुतेक किती वजन चालेल ते.

६ फेब्रुवारी
पहिली गाडी आली. एक बाई, शिकलेल्या दिसत होत्या. मूठ लावली, पण मशीनची स्क्रीन काळीच. मी गाडीला एक फेरी मारली, टायरला पायाने ठोकून पाहिलं आणि सांगितलं, गाडीत दोष आहे. बाई म्हणाल्या, कालच दुसरीकडे चार्ज केली. म्हटलं, बाई, दोष काल आणि आजच्या मधेच येतो. निघून गेल्या. थँक्यू म्हणायला विसरल्या.

७ फेब्रुवारी
तरी साहेबांच्या कानावर घातलं. मशीन जरा थंड वाटतंय. साहेबांनी विचारलं, ॲपवर ठिपका कुठल्या रंगाचा आहे? म्हटलं, हिरवा. मग मशीन चालू आहे, असं साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

ठिपक्याचं असं आहे. रोज नऊला मोबाईलवर विचारतात, स्टेशन चालू? खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. आपण दाबू तो रंग नकाशावर उमटतो आणि लोक तो बघून प्रवासाला निघतात. लाल दाबलं की खुलासा द्यायला हेड ऑफिसला जावं लागतं. सहा महिने सलग हिरवं ठेवलं की पर्मनंट. इतकी सरळ नोकरी मी पाहिली नाही.

संकल्प: रोज इंग्रजीचे दहा शब्द. आजचा पहिला, अव्हेलेबल. बाकीचे नऊ उद्या.

२० फेब्रुवारी
नऊ शब्द बाकी आहेत.

सावली म्हणून पेट्रोलच्या गाड्या हिरव्या जागेत येऊन उभ्या राहतात. आज एकाला हटकलं. तो म्हणाला, तुझं गिऱ्हाईक आलं की काढतो, आणि मागच्या सीटवर आडवा झाला. तीन तास झोपला. हवावाल्याने विचारलं, आज किती गाड्या भरल्या? म्हटलं, आमचं मोजमाप वेगळं असतं. तो म्हणाला, बरोबर आहे, माझा धंदा हवेवर चालतो, तुझा तर नुसताच हवेत आहे. अडाणी माणसाच्या नादी लागायचं नाही, हा दुसरा संकल्प.

९ मार्च
मोबाईलवर सगळ्या इन्चार्ज लोकांची मीटिंग झाली. साहेबांनी नकाशा दाखवला. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट ठिपके, सगळे हिरवेगार. साहेब म्हणाले, ही प्रगती तुमच्या बोटांवर उभी आहे. मी बोटाकडे बघितलं. नख वाढलं होतं. उद्या कापायचं.

एकाने मधेच विचारलं, साहेब, वायर कधी येणार? त्याचा आवाज लगेच बंद करण्यात आला. काही लोकांना नुसती तक्रारच करता येते.

२ एप्रिल
आजही एक गाडी आली, तिच्यातही दोष निघाला. आतापर्यंत मी तपासलेल्या एकाही इलेक्ट्रिक गाडीत चार्जिंग होत नाही. कंपन्या कशा बनवतात कळत नाही. गिऱ्हाइकाने माझ्याशी वाद घातला. हवावाला मधे पडला, त्याच्या टायरमध्ये फुकट हवा भरून दिली आणि त्याला वाटेला लावला. नंतर मला म्हणाला, अरे, एकदा तुझं मशीन तपास की. म्हटलं, ते काम इंजिनिअरचं. मी इन्चार्ज आहे.

१८ एप्रिल
भाऊजींना आज पटवलं. त्यांचा टेम्पो म्हातारा झालाय, गाद्या पोचवताना धूर गाद्यांच्या आधी पोचतो. म्हटलं, इलेक्ट्रिक घ्या. ते म्हणाले, मेहुणे, वाटेत बंद पडली तर तुमच्या नावाने चालणार का? म्हटलं, नकाशा उघडा. जिकडे बघाल तिकडे हिरवं. ताईने फोन घेतला आणि हळूच विचारलं, खरं ना रे? हे साठवलेलं सगळं यात घालायचं म्हणताहेत. मी म्हटलं, ताई, इथला ठिपका रोज सकाळी मी माझ्या हाताने हिरवा करतो.

यात एक अक्षर खोटं नाही.

१५ मे
टेम्पो विकला. गाडी घेतली. मागे गाद्या मावतात, पुढे माणसं. या भागात चार्जिंगचा प्रसार होतोय त्यात घरचा वाटा पडला. साहेबांना कळवलं. साहेबांनी अंगठा पाठवला.

११ जून
आई, ताई आणि भाऊजी नव्या गाडीने मला भेटायला येणार. दोन दिवसांचा रस्ता. आईला माझं स्टेशन बघायचंय. आणि क्वार्टरसुद्धा. क्वार्टर हा शब्द मी फेब्रुवारीत वापरला होता, तिने तो जपून ठेवलाय.

संकल्प: शेड धुणे. खोलीतले हवावाल्याचे टायर हलवणे. माहितीपुस्तक वाचणे, म्हणजे भाऊजींनी काही विचारलं तर तोंडावर उत्तर.

१९ जून
शेड धुतली. टायर हलले नाहीत, त्यांच्यावर चादर घातली. सोफा वाटतो. माहितीपुस्तक काढलं, तर खुर्ची डुगडुगायला लागली. परत घातलं. इन्चार्जने डुगडुगत बसणं बरं दिसत नाही.

२१ जून, दुपार
निघाले. पहिल्या हिरव्या ठिपक्यावर पोचले, तर मशीन एका ऑफिसच्या कुलूपबंद फाटकाआड. वॉचमन म्हणाला, मशीन चालू आहे, ऑफिस बंद आहे. मी भाऊजींना म्हटलं, एखादं असतं असं, पुढे चला.

संध्याकाळ
दुसऱ्या ठिपक्यावर मशीन आहे, वायर नाही. चोरीला गेली. तिसऱ्यावर सगळं होतं, पण सुरू होईना. तिथल्या इन्चार्जने गाडीला फेरी मारली आणि भाऊजींना सांगितलं, गाडीत दोष आहे. नवीकोरी गाडी. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. इतका निर्लज्ज माणूस. रोज सकाळी नऊला हिरवं दाबताना याचा हात कसा धजतो? साहेबांकडे तक्रार करायची म्हणून नंबर शोधला. मग विचार केला, त्याचं लाल झालं तर मीटिंगमध्ये माझ्याकडेही बघतील. आपल्यातला माणूस आहे, सांभाळून घेतलं पाहिजे.

रात्रीसाठी ते एका लॉजवर उतरलेत. स्वयंपाकघरातल्या प्लगवर गाडी लावली. बदल्यात भाऊजींनी लॉजवाल्याला एक उशी दिली. ताई फोनवर म्हणाली, हे बोलत नाहीयेत रे. भाऊजी बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मी सांगितलं, काळजी करू नका. माझ्या स्टेशनपर्यंत या फक्त.

२२ जून
आले. बॅटरी दोन टक्के. शेवटच्या चढावर आई आणि ताई उतरून चालत आल्या. आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तरी मला बघून म्हणाली, वाळलास. म्हटलं, जबाबदारी आहे.

मूठ मी स्वतः लावली. स्क्रीन काळीच.

मी गाडीला फेरी मारली. टायरपर्यंत पाय गेलासुद्धा. भाऊजी नुसते बघत होते. त्यांच्याकडे बघून पाय परत घेतला. ते जाऊन माझ्या खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, मेहुणे, मी टेम्पो विकलाय. तिकडे ऑर्डरी पडून आहेत. मला एवढंच सांगा, गाडी घरी कशी न्यायची. मी काहीतरी सांगणार होतो. व्होल्टेज हा शब्द तोंडात आला होता.

तेवढ्यात आई माझा डबा बघायला गेली, नीट खातो की नाही ते. पिशवीचा बंद त्या लाल खुंटीला पीळ पडून बसला होता. ती म्हणाली, काय रे हे, गुंता करून ठेवलाय, आणि खुंटी धरून पीळ सोडवायला लागली. खुंटी गर्रकन फिरली आणि टक् करून बाहेर आली. मशीन गुरगुरलं. स्क्रीन पेटली. आई दचकून मागे सरकली आणि म्हणाली, मी काही नाही केलं.

ताई दहावी पास आहे. तिने खुंटीवरचं वाचलं. इमर्जन्सी स्टॉप. धोका वाटला तर दाबा, चालू करायला फिरवा. मग तिने विचारलं, पिशवी इथे कधीपासून अडकवतोस? म्हटलं, नक्की असं सांगता येणार नाही.

हवावाला हातातला पाना खाली ठेवून आला होता. मला वाटलं हसेल. हसला नाही. नुसता म्हणाला, म्हणजे हवाच निघून गेली.

रात्री गाडी पूर्ण भरली. चादरीखाली टायर आहेत हे आईला पाठ टेकताच कळलं. तिने कूस बदलली.

२३ जून, सकाळ
चहा पिताना मी विषय काढला की बिघाड शोधणं सोपं नव्हतं आणि आईला योग्य वेळी डब्याकडे पाठवणं महत्त्वाचं होतं. ताईने बिस्किटांचा पुडा भाऊजींकडे सरकवला.

नऊला हिरवं दाबलं. पहिल्यांदाच चुकून दोनदा दाबलं गेलं. खरं दाबायची सवय नाही.

दुपार
इंजिनिअरचा फोन. तुमचं मशीन काल चालू झालं, काय केलं? म्हटलं, थोडं काम केलं. तो म्हणाला, मशीन स्वतःच सगळी नोंद ठेवतं, त्यात दिसतंय की चार फेब्रुवारीच्या सकाळपासून कुणीतरी बंद करून ठेवलं होतं. मी विचारलं, मग आधी का नाही बघितलं? तो म्हणाला, ठिपका हिरवा होता ना.

मागोमाग साहेबांचा. खुलासा नको म्हणाले. मला बरं वाटलं. पुढे म्हणाले, तुमच्या स्टेशनवर मशीनमध्ये काही दोष नाही, तेव्हा तिथे माणूस ठेवायची गरज नाही, गिऱ्हाईक आपलं आपण लावेल. म्हटलं, आणि पर्मनंट? साहेब म्हणाले, मशीन पर्मनंट आहे.

संध्याकाळी भाऊजींनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, बसा. हवावाल्याने लांब वायरीचं बंडल मागे टाकलं. वाटेत कुणाच्याही घरातल्या प्लगला पुरेल म्हणाला. मला वाटलं टोमणा आहे. ता.क.: परतीला तीन वेळा उपयोगी पडलं.

१२ जुलै
कापूस. शिंका.

गाडी आता रात्री दुकानातल्या प्लगला लावतात. लावायची आणि काढायची मी. आई शेजारच्या काकूंना सांगत होती, दुकानातला चार्ज त्याच्याकडेच आहे. मी दुरुस्ती केली नाही.

ॲप उघडून पाहिलं. माझं स्टेशन हिरवं आहे. मी नसतानाही.

दुकानात माझ्या जागेमागे भिंतीला एक खुंटी आहे. साधी, लाकडी. पिशवी खाली ठेवतो.